कमळाकरजींचा फोन

चौक गावातल्या कमळाकरच्या फोटो स्टुडिओत माणसं चपला घालून आली तरी चालत, पण पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय आत येत नसे. नवरदेवाचा असो की सरपंचाच्या मेव्हण्याचा, आधी अँटिव्हायरस त्याची झडती घेणार. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटली की कमळाकरची छाती अशी फुगे, जणू ती खूण त्यानेच रंगवली आहे.

"बाहेरचा किडा न्हाय येत आपल्याकडं," तो बायकोला सांगे.

"तू आहेस ना आत, तेवढा पुरे," शालू म्हणे.

त्या कॉम्प्युटरमध्ये गावातली लग्नं, हळदी, बोटींच्या पूजा साठवलेल्या होत्या. त्यातली कितीतरी माणसं आता फक्त तिथेच हसत होती. शालूची आईसुद्धा. तिचा हसरा फोटो तेवढा एकच होता. आणि या सगळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हिरवी खूण असताना कशाला हवी?

एका दुपारी फोन आला. "कमळाकरजी? हम सिक्युरिटी से बोल रहे हैं. आपके कॉम्प्युटर में व्हायरस घुसा है."

कमळाकरजी! गावात तो कमळ्या होता, फार तर कमळाकरदादा. त्या 'जी'ने गडी विरघळला. समोरच्याने सांगितलं ते प्रोग्रॅम त्याने स्वतःच्या हाताने उतरवले. अँटिव्हायरसने लाल पाटी दाखवली.

"वो बीच में आ रहा है, बंद कर दीजिए."

कमळाकरने बंद केला. मग माउसला हात न लावता बाण पडद्यावर फिरू लागला आणि फोटोंच्या फोल्डरवर जाऊन थांबला.

सुक्या बोंबलांची टोपली घेऊन शालू आत आली. "कोण बोलतंय?"

"कंपनीवाले. मला कमळाकरजी म्हणतात."

"तुला? जी?" टोपली खाली, प्लग बाहेर. पडदा काळा झाला.

भाईंदरहून नीलेश मेकॅनिक येईपर्यंत दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून होती. त्याने तपासलं. फोटो शाबूत होते. शालूने आईचा फोटो उघडून घेतला तेव्हाच ती उठली.

"मग हा अँटिव्हायरस काय कामाचा?" कमळाकर चिडला.

"काका, त्याने लाल पाटी दाखवली होती ना?"

"हो."

"मग?"

"मीच गप्प बसवलं त्याला."

"पेन ड्राइव्हचे रोग तो पकडेल. तुम्हीच दार उघडून आत घेतलेल्या माणसाला कसा पकडणार? अँटिव्हायरस राहू द्या. आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर."

ती डिस्क आता शालूच्या कपाटात, लुगड्यांखाली असते. हिरवी खूण आहेच, पण कमळाकर तिच्याकडे पूर्वीसारखा निवांत बघत नाही.

परवा पुन्हा फोन आला. "कमळाकरजी बोलताय का?"

कमळाकरने क्षणभर शालूकडे पाहिलं. 'जी' अजूनही गोड लागत होता.

"न्हाय," तो म्हणाला, "इथं कमळ्या राहतो," आणि फोन ठेवला.