लातूरला वाजणारा, मुरुडला मुका

"वाजत न्हाई," सोनवणे गुरुजी म्हणाले आणि चादरीत बांधलेला रेडिओ त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. आदल्याच आठवड्यात तो मी दुरुस्त करून दिला होता. लातूरजवळच्या मुरुडहून एस.टी.नं मांडीवर घेऊन ते परत आले होते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. मी बशीरभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. समोर नवी ऑफिसं झाली होती, त्यांच्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता. पाऊस मात्र त्या सालीही फिरकला नव्हता.

गुरुजींचा सेट पाच वॉल्वचा. वॉल्व म्हणजे काचेची नळी. आत तार तापते, मग काम सुरू होतं. ट्रान्झिस्टर येण्याआधी सगळे रेडिओ असेच असत. पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याची हालत नीट तपासली होती. लाकडी पेटी शाबूत, पुढचं कापड विटलेलं पण न फाटलेलं, पाचही वॉल्व चांगले. वायरवरचं रबर मात्र हात लावला की गळत होतं आणि वीज साठवून सोडणारे दोन कंडेन्सर निकामी झाले होते. मी वायर आणि कंडेन्सर बदलले, ब्रशनं धूळ काढली, पेटीला जवसाच्या तेलाचा हात दिला. जुनं कापड तसंच ठेवलं. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही, ही बशीरभाईंची शिकवण.

आता बशीरभाईंनी सेट लावला. परभणी स्टेशन खणखणीत लागलं.

"गुरुजी, ह्याला लातूर आवडलं बघा. जिल्ह्याचं गाव झालं ना! आता खेड्यात करमंना त्याला."

गुरुजी हसले नाहीत. "घरी नुसता घुंई आवाज येतो. स्टेशन एक लागत न्हाई. अन् उद्या संध्याकाळी शीलाचं भाषण हाय."

शीला त्यांची मुलगी. नांदेडला नर्स होती. दुष्काळात पाणी उकळून का प्यावं, यावर तिचं बोलणं रेडिओवर लागणार होतं.

"शेजारी कुणाचा ट्रान्झिस्टर असेल की," मी म्हणालो.

"हाय ना. पर शीलाची आई जायची न्हाई. पूर्वी गावात एकच रेडिओ होता. आमची पोरं त्या घराच्या पायरीखाली उभी राहून ऐकायची. वर बसा, असं कुणी म्हणलं न्हाई. म्हणून हा घेतला. आता पोरगी बोलणार अन् आईनं परत लोकाच्या दारात जायचं?"

दुसऱ्या कुणी दुकान डोक्यावर घेतलं असतं. गुरुजी म्हणाले, "तुमी काम चोख केलंय. आमच्याकडंच काय तरी येगळं हाय." त्या शब्दांनी माझं डोकं चालायला लागलं. तुमच्याकडं वेगळं काय? रेडिओ तोच, स्टेशन तेच. वेगळी फक्त लाइट.

बशीरभाईंना सांगितलं. दुकानात व्होल्टेज मोजायचा मीटर एकच होता. तो त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"अन् दुकान?" मी विचारलं.

"मीटर येईपर्यंत मी चहा पिऊन राहिलो असं समज. जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुरुडला गुरुजींच्या घरी मीटर लावला. दुकानात २३० व्होल्ट असायचे, इथं १६५. विहिरींना पाणी थोडं, त्यामुळं लाइट आली की सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू. व्होल्टेज खाली बसायचं. रेडिओच्या आत एक वॉल्व स्वतःचा बारीक सिग्नल तयार करत असतो. त्याशिवाय स्टेशन पकडता येत नाही. व्होल्टेज फार पडलं की तो सिग्नलच बंद होतो. उरतो घुंई आवाज.

सेटच्या मागं किती व्होल्टवर चालवायचा ते ठरवणारी एक पट्टी असते. प्लग काढून मी ती २३० वरून २०० वर आणली. परत लावला. अर्ध्या मिनिटात वॉल्व तापले आणि परभणी लागलं.

सुभद्राबाई, गुरुजींच्या पत्नी, पदर सावरून समोर बसल्या. "लागला की वो! मग आता मीटर कशाला धरून बसलाव?"

"काकू, विहिरी आटल्या की मोटारी बंद पडतील. व्होल्टेज एकदम चढेल आणि वॉल्व जळतील. हे वॉल्व आता मिळत नाहीत."

त्यासाठी मी सिरीज बोर्ड आणला होता. रेडिओच्या वाटेत शंभर वॉटचा एक बल्ब आणि त्याला वळसा घालायला एक बटण. बटण चालू असलं की रेडिओला सगळी लाइट मिळते. बंद केलं की लाइट बल्बमधून येते आणि पस्तीस-चाळीस व्होल्ट बल्बच खातो. रेडिओ मधे बंद पडत नाही.

भाषण सुरू झालं. "श्रोतेहो, नमस्कार," शीला म्हणाली. गुरुजींनी मान खाली घातली. मीटरचा काटा हलला. १७५. १९०. कुणाची तरी विहीर संपली होती. २१० झाले तसं मी बटण बंद केलं. बोर्डावरचा बल्ब तांबूस पेटला. शीलाचा आवाज क्षणभर बारीक झाला, मग पूर्ववत. काटा २३० वर जाऊन थांबला. वॉल्व टिकले आणि एक वाक्यही चुकलं नाही.

संपल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "बोलती चांगली, पर घाई लई. बस सुटल्यावानी." आणि मग डोळे पुसले.

बोर्ड मी तिथंच ठेवला. मीटर ठेवता येत नव्हता, म्हणून सोपं सांगितलं : घरातला दिवा लालसर दिसला तर बटण चालू, पांढरा झाला की बंद. गुरुजींनी ते दोनदा करून दाखवलं. निरोप देताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

खरं तर आभार मीच मानायला हवे होते. ते चिडले असते तर मी त्या चांगल्या सेटमध्ये नसलेला बिघाड शोधत बसलो असतो. आणि बशीरभाईंनी मीटर दिला नसता तर मुरुडला जाऊनही मी आंधळाच राहिलो असतो.

आपल्या टेबलावर वाजला म्हणजे रेडिओ दुरुस्त झाला असं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी वाजला पाहिजे. तेव्हापासून पेटी उघडण्याआधी मी एकच विचारतो : "तुमच्या गावात संध्याकाळी दिवा कसा जळतो?"