बठ्ठीचं खरं नाव

मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात पडल्याशिवाय मला साधा तापही पटत नाही, त्यामुळे असले गूढ अनुभव मी आजवर चहासोबत फरसाण म्हणून वाचत आले. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय... आणि खरं सांगू, कधी एकदा सांगते असं झालंय.

फेब्रुवारीत मैत्रिणीच्या साखरपुड्याला धुळ्याला, देवपुरात गेले होते. तिच्या गल्लीत एका कुलूपबंद दारापुढे काळी, बुटकी कुत्री बसलेली. अर्धी पॉमेरेनियन, अर्धी गावठी. त्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या अक्का आठवड्यापूर्वी वारल्या होत्या. शेजारचे नाना म्हणाले, "हाई बठ्ठी गल्लीनी शे. पन अक्कानं दार सोडत नही. लई जाय बेटा." नाव बठ्ठी तर बठ्ठी, मी तिला मांडीवर घेऊन घरी आणलं.

आईने आधी नाक मुरडलं. आई रावेरकडची, केळीच्या बागांतली, तिची बोली वेगळी. धुळ्याची अहिराणी ऐकली की तिला हसू येतं, बोलता मात्र एक वाक्य येत नाही — हे लक्षात ठेवा. पण आठ दिवसांत बठ्ठी तिच्याच पदरावर झोपायला लागली. खोड एकच, हाक मारली तर कान हलवायची नाही. मला वाटलं, भाव खाते.

मे महिन्यात तिला गोचीडताप झाला. प्लेटलेट्सचा आकडा इतका खाली होता की मी तो दोनदा तपासला. तीन दिवस सलाईन, सिरिंजने पाणी. दहीभात, बिनमिठाचं चिकन सूप, सगळ्याला तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं तर ठीक, नाहीतर मनाची तयारी ठेवा." सुट्टी टाकून घरी आले आणि भोकाड पसरून रडले.

दुपारचे दोन. कूलर चालू, बठ्ठी गोणपाटावर आडवी, वाटीतला भात सुकलेला. आई आमच्याकडे पाठ करून डब्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, भरत होती. आणि आईच्याच आवाजात, पण आई कधी बोलत नाही अशा लाडात, स्वच्छ अहिराणीत ऐकू आलं — "खाई ले वं चिंधी... मी आठेच शे."

खाऊन घे, इथेच आहे मी, एवढंच. बठ्ठीचे दोन्ही कान उभे. तीन दिवस मान न उचललेली कुत्री उठली, लटपटत वाटीपाशी आली आणि भात चाटूनपुसून खाल्ला.

"आई, आत्ता काय म्हणालीस?"

"मी कायले बोलू? मी गुपचूप बिबड्या भरून राह्यली."

"चिंधी कोण?"

"कोन चिंधी?"

आईला थाप मारता येत नाही, लगेच हसते. ती हसत नव्हती.

मैत्रिणीकडून नंबर घेऊन मी नानांना फोन लावला. म्हटलं, बठ्ठी आजारी होती, आज जेवली. ते म्हणाले, "कोन बठ्ठी?" तेव्हा उलगडा झाला. बठ्ठी म्हणजे सगळी. ते म्हणाले होते, ही सगळ्या गल्लीची आहे, आणि मी तीन महिने त्या बिचारीला 'सगळी, सगळी' अशी हाक मारत होते. नाना हसून हसून बेजार. मग मी विचारलं, "चिंधी नाव होतं का?"

हसणं थांबलं. "तुले कसं मालूम पडनं?"

नानांनी सांगितलं, तिची सगळी भावंडं पिल्लं असतानाच गेली होती. ही तरी जगावी म्हणून अक्कांनी, लेकरांना ठेवतात तसं, मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं. घराबाहेर ते कधी घेतलं नाही. गल्ली तिला काळी म्हणायची. नानांची भिंत लागून, म्हणून त्यांना तेवढं जेवणाच्या वेळी ऐकू यायचं.

चिंधी आता ठणठणीत आहे. नावाने हाक मारा, गच्चीवरूनही धावत येते. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडलं. पडलं असेल, माझी ना नाही. पण ते नाव माझ्या आईच्या तोंडी कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही.

आई काही विचारत बसत नाही. रोज रिकामी वाटी उचलताना ती फक्त म्हणते, "अक्का, तुमची चिंधी जेवली. निघा तुम्ही, मी हाये."