फाटक म्हणजे चष्मा

समजा, तुमचा चष्मा कपाटावर राहिलाय आणि तुम्हाला तो बायकोकडं मागायचाय. चष्मा तुमच्या मनात लख्ख आहे. काळी दांडी, डाव्या काचेवर ओरखडा. तो कशाला लावतात हेही ठाऊक आहे. तुम्ही तोंड उघडता आणि बाहेर पडतं, ‘फाटक’. चुकलं हे ऐकताक्षणी कळतं. पुन्हा नेट लावता. पुन्हा फाटकच.

सांगलीजवळच्या कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवणारे जयपालअण्णा तिशीपासून असेच बोलत आलेत. तेव्हा मशीनचा एक भाग आणायला ते मोटारसायकलवरून पुण्याला निघाले होते. शिरवळजवळ ट्रकनं उडवलं. डोक्याला मार बसला. हातापायांचं निभावलं, शब्द मात्र विस्कटले. पुष्कळसे हळूहळू परत आले, पण काही भलत्याच जागी येऊन बसले. चष्म्याचं फाटक झालं, भाकरीची छत्री झाली. बायको ब्राह्मी सुरुवातीला दर वेळी दुरुस्त करायची. एके दिवशी तिनंच ताटावरून विचारलं, “आवं, छत्री एक वाढू का दोन?” अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून त्या घरात तीच भाषा चालते. नवे पाहुणे जरा बावचळतात, एवढंच.

अण्णा आता साठीपार गेलेत. लेथवर उभं राहिलं की त्यांना शब्द लागत नाहीत, म्हणून ती जागा त्यांना घराइतकीच प्यारी. आणि तीच जाण्याची वेळ आली.

झालं असं, की त्यांनी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, कातायचा जॉब चावीनं आवळला आणि चावी तशीच चकात ठेवून बटणाकडं हात नेला. मशीन फिरलं असतं तर ती चावी गोळीसारखी सुटली असती. मालक गोमटेश मागंच उभा होता. त्यानं हात धरला.

“अण्णा, राग मानू नका,” तो म्हणाला. “डॉक्टरला दाखवून या. तोवर लेथला हात न्हाई लावायचा.”

“मी इसरलो न्हाई रं.”

“मग चावी काय मी ठेवली?”

अण्णांनी चावी काढून त्याच्या हातात दिली. ते घरी बसले. ब्राह्मीनं त्यांना शेंगा निवडायला दिल्या. त्यांनी त्याही जॉबसारख्या आकाराप्रमाणं लावून ठेवल्या, तेव्हा तिनं मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाई होत्या, शांत. एकेक चित्र दाखवून नाव विचारू लागल्या. घड्याळ आलं, कुलूप आलं. मग चष्मा.

“फाटक,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी फुली मारली. ब्राह्मी खुर्चीतून पुढं सरकली. “आवं बाई, फुली का मारताय? बरोबर हाय की.”

“बरोबर?”

“फाटकच हाय त्ये.”

“तुम्ही काय म्हणता याला?”

ब्राह्मीनं चित्राकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. पदर तोंडाला लावून ती हसायलाच लागली. खरा शब्द तिलाही चटकन सापडेना.

डॉक्टरही हसल्या आणि त्यांनी फुल्यांचा कागद बाजूला ठेवला. “आता तुम्हीच सांगा, यातलं जुनं काय आणि नवीन काय?”

ब्राह्मीनं निवडून सांगितलं. फाटक, छत्री जुनं. एका वेळी एकच काम जमतं, तेही जुनं. नवीन म्हणजे माणसांची नावं जातात आणि दमणूक लवकर येते. चावी राहिली तेव्हा काय चाललं होतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर अण्णा म्हणाले, “गोमटेश मागनं बोलत हुता. मी ऐकत हुतो.”

स्कॅन झालं, पुन्हा एकदा भेट झाली. नवा आजार काही निघाला नाही. “जुन्या मारानं तुमच्याकडं मेंदूची शिल्लक कमी ठेवलीय,” डॉक्टर म्हणाल्या, “वय आता त्यातूनच खर्च करतंय. काम करा, पण अर्धा दिवस. तुम्ही मशीनवर असताना कुणी बोलायचं नाही. आणि अधूनमधून दाखवून जा.”

गोमटेशनं निरोप ऐकला आणि चावीला स्प्रिंग बसवली. हात सोडला की चावी आपोआप चकातून बाहेर पडते. मग त्यानं वर्कशॉपातल्या सगळ्याच चाव्यांना स्प्रिंगा बसवल्या. “माझाबी भरवसा न्हाई,” म्हणाला.

आता अण्णा दुपारपर्यंत लेथवर असतात. शेजारच्या ड्रिलवर त्यांच्याच वयाचा सयाजी आहे, वाईकडचा, फौजेतून आलेला. परवा चहाला बसल्यावर सयाजी आपल्या पलटणीतल्या जोडीदाराचं नाव आठवत राहिला. चहा निवला तरी नाव येईना.

“वय झालं गड्या,” तो शेवटी म्हणाला.

“वयानंच गेलं, कशावरनं?” अण्णांनी विचारलं.

“मग कशानं जातंय?”

“माझं शिरवळला गेलं. जागा दाखवीन तुला. तुझं कुठं गेलं?”

सयाजी हसला आणि कप विसळायला उठला. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांनी चेष्टा केली नव्हती. ज्यांना कधीच मार बसला नाही, त्यांना आपलं काही जायला लागलंय हे कळतं तरी कसं?