परक्या मुलखातली लढाई

माझा धाकटा दीर आफ्रिकेत मारला गेला. शांतिसेनेच्या तुकडीतून तो तिकडे गेला होता. मी लग्न होऊन सोनगीरजवळच्या या गावात आले, तेव्हा तो भरतीची तयारी करत होता. पहाटे सोनगीरच्या किल्ल्याला वळसा घालून पळत यायचा आणि ओट्यावर बसून सात-आठ भाकरी सहज संपवायचा.

तिकडून तो व्हिडिओ कॉल करायचा. एकदा छावणीमागची केळीची बाग दाखवली. सासूबाईंना मोठं नवल वाटलं.

"तठे बी केळी शेतस?"

"हा माय. पन ह्या लोके उकाळीसन खातस."

त्या पदराआड हसल्या. मुलगा परदेशात असला तरी केळी असलेल्या मुलखात आहे, एवढ्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

बातमी आली तेव्हा आम्ही कापूस वेचत होतो. मिस्टरांनी फोन घेतला, ऐकला आणि सरीतच खाली बसले. छावणीवर हल्ला झाला होता. आसऱ्याला आलेल्या गावकऱ्यांना आत घेताना त्याला गोळी लागली.

त्याला घरी यायला बरेच दिवस लागले. तोवर घरात चूल पेटली नाही. शेजारपाजारचे डबे येत. सासरे गोठ्यात जाऊन बसायचे. हाक मारली तर नुसती मान वर करायचे.

मग एक दिवस धुळ्याहून लष्कराची गाडी आली. पेटी अंगणात ठेवली. ती उघडायची नाही, असं सोबतच्या साहेबांनी आधीच सांगितलं. सासूबाईंनी हट्ट धरला नाही. फक्त विचारलं, "डोकं कोन्या बाजूले शे?"

साहेब साताऱ्याकडचे. त्यांना अहिराणी कळेना. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी हात करून दाखवलं. सासूबाई त्या बाजूला जाऊन बसल्या आणि लाकडावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या लोकेसनं आपलासंगे काय वैर व्हतं?"

हेही मीच मराठीत सांगितलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"काही नव्हतं, आई. भांडण त्यांचं आपसातलं. तो मधे उभा होता."

"आनि त्यानी ज्यासले आत लिधं, त्या वाचनात का?" मी तेही मराठीत विचारलं.

"वाचले. सगळे नाही. बायका-पोरं वाचली."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मला स्वतःला त्या उत्तराचा राग आला होता.

पुढे गावाने वेशीवर त्याच्या नावाची कमान उभारली. उद्घाटनाला पुढारी आले, भाषणं झाली. एका वक्त्याने तो सीमेवर लढला असंच सांगून टाकलं. ते कोणी दुरुस्त केलं नाही, आम्हीही नाही.

सासूबाई त्या कमानीखालून जात नाहीत. शेतात जायचं तर नाल्याच्या वाटेने, चिखल तुडवत जातात. मी सोबत असले तर मलाही तिकडूनच नेतात.