चाचांचा आवाज आणि माझ्या चार डिस्का

तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. हसा, पण चहा गार होऊ देऊ नका!

सीडी नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. हर्णेतल्या घरी मी एका कॉम्प्युटरवर लिनक्सचा सर्व्हर उभारला होता. चार जुन्या डिस्का जोडून एकच मोठी कोठी. वर पॅरिटीची सोय! म्हणजे एक डिस्क मेली, तरी उरलेल्या तिघी हिशोब जुळवून तिचा माल परत उभा करतात. दुपारी त्या गुणगुणायच्या, खिडकीतून खारा वारा यायचा आणि मला वाटायचं, आता या जगातलं काहीच हरवणार नाही.

शेजारच्या जुबेदाचाचीच्या कॅसेटी मी त्यात भरल्या. हमीदचाचांनी तरुणपणी कुवेतहून बोलून पाठवलेल्या. बुरशी आली होती, म्हणून भरून झाल्यावर माझ्याच सांगण्यावरून तिने त्या फेकल्या. मग रोज दुपारी ती आमच्या पडवीत डोळे मिटून ऐकायची. "जुबेदा, इथे चंद्र निघाला की मी आधी आपलं बंदर शोधतो…"

आणि समोर खुद्द चाचा! कायमचे परत आलेले, गप्प, सुपारी कातरत.

पण मला हुशारी दाखवायची खाज. आल्यागेल्यासमोर प्रयोग! मशीन बंद, दर वेळी त्याच एका डिस्कची केबल काढायची, परत चालू. आवाज तस्साच!

एकदा चाचांनीच विचारलं, "आणि आज दुसरी काढली तर?"

"कोणतीही काढा, चाचा!"

त्यांनी काढली. मशीन मुकं.

का? प्रयोगातली ती डिस्क मी परत जोडली होती खरी, पण तिला पुन्हा पंगतीत घे, असं सर्व्हरला सांगावं लागतं, हे मला कुठे ठाऊक! कारभार तिघींवरच चालला होता. आता उरल्या दोन, त्यांना हिशोब जुळेना.

शहाण्याने केबल परत जोडून नुसतं मशीन चालू केलं असतं. मी घाबरून केबल जोडली आणि वर कोठी नव्याने बांधायचा हुकूम सोडला. लिनक्स फार इमानदार हो. बांधली! चारही डिस्का धडधाकट, आत काही नाही.

चाचीने मशीनला कान लावून पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा खाकरले. "माइक आहे ना? लाव. मी परत बोलतो."

"आता तुमच्याने व्हायचं नाही," चाची म्हणाली. "परत आल्यापासून 'मीठ कमी आहे' याच्यापुढे काय बोललात?"

चाचांनी डोळे मिटले. मी माइक लावून त्यांच्यापुढे धरला.

"जुबेदा, तू झोपलीस की मी जागा असतो. तुझा श्वास ऐकतो. कुवेतला तोच आठवायचा, पण कॅसेटीत सांगायची लाज वाटली." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, "आणि ह्या मेल्याला आपल्या कुठल्याच वस्तूला हात लावू देऊ नकोस."

चाची पदर डोळ्यांना लावून हसायला लागली.

ते रेकॉर्डिंग मी सीडीवर उतरवून दिलं. पहिला भाग ती कुणालाच ऐकवत नाही. शेवटचं वाक्य मात्र माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचलंय!