दुपारची हाक

बाबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. चार वर्षांपूर्वी तिथे दुपारी बॉयलर फुटला. बाबांना खरचटलंही नाही, पण शेजारी काम करणारा त्यांचा मित्र गेला. घरी बाबा त्याविषयी कधीच बोलले नाहीत.

यंदा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी छातीवर एक छोटं यंत्र लावून दिलं. ते चोवीस तास ठोके नोंदवणार होतं आणि बाबा कधी काय करतात, ते मी वहीत लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आलेख पाहून डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी पावणेतीनला जिना चढलात का? ठोके दीडशेच्या वर गेलेत."

मी वही पाहिली. पावणेतीनला बाबा माझ्यासमोर खुर्चीत बसून मटार सोलत होते. त्यांचा हातसुद्धा थांबला नव्हता. बॉयलर फुटला तीच ही वेळ.

"रोज त्या वेळेला तो मला हाक मारतो," बाबा शांतपणे म्हणाले. "अगदी कानाशी. त्या दिवशीही मारली होती. मी ऐकली आणि बाहेर पळालो."

डॉक्टर हसले नाहीत. "इतकी वर्षं रोज घाबरून हृदय थकलंय," ते म्हणाले. त्यांनी हृदयाच्या गोळ्या दिल्या आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठीही लिहिली.

बाबा आता दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन बोलतात. छातीतलं दुखणं कमी झालंय. पण दुपारी मी त्यांचं मनगट धरून बसते, तेव्हा त्यांचा चेहरा शांत असतो आणि माझ्या बोटांखाली नाडी धावत सुटते.