बिनसुजेचं मीठ

“कॉलरा नहीं है. इसके पेट में जहर गया है.” डॉक्टरसाहेबांनी माझं मनगट खाली ठेवलं आणि खाटेजवळ उभ्या असलेल्या माझ्या माणसांकडे पाहिलं. “खाना कौन पकाता?”

“माझी बायको,” माझा भाऊ म्हणाला.

परभणीच्या दवाखान्यातली ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. निजामी होती तेव्हा. मी विशीतली, पहिल्या बाळंतपणाला पालमहून माहेरी, चारठाण्याला आलेली. आई नव्हती. घरी वडील आणि वैनी. दादा हैदराबादला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, सुट्टीत गावी यायचा.

मुलगी सुखरूप झाली, पण त्यानंतर माझं अंग सुजलं. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. याच डॉक्टरांनी तेव्हा नेफ्रायटिस सांगितला होता. नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडाला येणारी सूज. औषध थोडंच, पण पथ्य कडक: मीठ बंद.

ज्यांना अळणी जेवण सांगितलेलं नाही त्यांना हे कळणार नाही. पहिले काही दिवस माणूस नेटानं खातो. मग भाकरी तोंडात फिरत राहते, गिळवत नाही. माझं जेवण सुटलं, दूध आटलं, पोर रात्रंदिवस रडायला लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा आला, तो एक काचेची बाटली घेऊनच. आत पांढरी, साखरेसारखी भुकटी.

“हे मीठच हाय, पण ह्यानं सूज येत न्हाई,” तो म्हणाला. “साहेब लोक खातेत. बिनघोर खा.”

मी चिमूटभर वरणात घातलं. खारट लागलं! किंचित जिभेला झोंबलं, पण खारट लागलं. मला रडूच आलं. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं मी त्या दिवशी वडिलांना म्हणाले.

वैनीला त्यानं बजावून ठेवलं होतं, “हात लावायचा न्हाई. कोरड्या चमच्यानंच घ्यायचं. झाकण लगीच घट्ट लावायचं. हाताला लागलं तर धुऊन टाकायचं.” वैनीनं ते सोवळ्यासारखं पाळलं. तरी एकदा झाकण सैल राहिलं आणि भर उन्हाळ्यात, सगळं घर तापलेलं असताना, त्या मिठाला पाणी सुटलं. वैनी मला म्हणाली, “वन्सं, पावसाळ्यात आपल्या मिठाला पाणी सुटतंय, पण हे येगळंच हाय बाई.” आम्ही दोघी हसलो होतो.

मग तहान सुरू झाली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे, तरी घसा कोरडा. हात थरथरायला लागले, मुलीला मांडीवर घ्यायची भीती वाटायची. ओकाऱ्या, जुलाब. डोळ्यांपुढे एकाची दोन माणसं. “अशक्तपणा हाय. खाणं सोडू नको,” दादा म्हणायचा आणि स्वतःच्या हातानं माझ्या वरणात ते मीठ थोडं जास्त टाकायचा. शेवटी जीभ जड झाली आणि मी काय बोलते ते कुणाला कळेना, तेव्हा वडिलांनी बैलगाडी जुंपायला लावली. देवगावावरून सेलू स्टेशन, तिथून आगगाडीनं परभणी. मुलीला शेजारणीपाशी ठेवलं होतं.

तर, डॉक्टरसाहेब विचारत होते. “बाहर की कोई दवा? कोई नई चीज?”

“न्हाई साहेब. काहीच न्हाई,” दादा म्हणाला.

मला सगळं ऐकू येत होतं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून बोलले, “मी... मीठ... दादा...” शब्द अडखळत आले, पण आले. दादा वाकला, त्यानं ऐकलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि वळून डॉक्टरांना म्हणाला, “मीठ मागायलीय साहेब. अळणी खाऊन कंटाळलीय.”

इतकी वर्षं झाली. आजारात काय काय दुखलं ते मी विसरले, हे वाक्य विसरले नाही.

डॉक्टरांनी दाराशी पदर घेऊन उभ्या असलेल्या वैनीकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं. वैनीचा चेहरा पांढरा पडला. दादा खिडकीबाहेर बघत होता.

ती निघून गेली तेव्हा मला वाटलं, आता ही परत येत नाही. पण ती गेली होती व्हरांड्यातल्या गाठोड्याकडे. दवाखान्याबाहेर चूल मांडून माझा स्वयंपाक करावा म्हणून तिनं भांड्यांबरोबर ती बाटलीही बांधून आणली होती. दादा तिच्या मागोमाग गेला. “दे इकडं,” म्हणाला म्हणे. ती बाटली पदराखाली घेऊन सरळ आत आली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

“साहेब, ह्या मीठ कशाला मागतील? वन्संपाशी हे मीठ हाय. रोज खातेत. ह्येंनीच आणलंय.” नवऱ्याकडे बोट करायची ती तिची पहिली वेळ असावी.

डॉक्टरांनी झाकण काढलं. भुकटीचा ओलसर गोळा झाला होता. सुया उकळायचा स्पिरिटचा दिवा त्यांनी जवळ ओढला, एका तारेच्या टोकावर कणभर घेऊन ज्योतीत धरलं. ज्योत लालभडक झाली, डाळिंबाच्या दाण्यासारखी. साध्या मिठानं ती पिवळी होते, हे मला पुढे कळलं.

“लिथियम,” ते म्हणाले. मग दादाकडे वळून, “लिथियम क्लोराइड. लॅब का माल है. आपको मालूम था?”

लिथियम क्लोराइड म्हणजे मिठासारखाच दिसणारा, मिठासारखाच लागणारा एक क्षार. हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून बाटली घट्ट बंद ठेवायची. हाताला, डोळ्यांना झोंबतो, म्हणून चमच्यानं घ्यायचा. चाखायचा तर कधीच नाही. दादाला हे सगळं माहीत होतं. हाताला लागू नये म्हणून एवढं जपायला सांगणारा माझा भाऊ तेच माझ्या पोटात घालत होता.

“परदेशात संधिवाताला लिथियमचं पाणी देतेत,” तो पुटपुटला. “मला वाटलं, थोडं चालंल. आन् चोरून आणलं हे कळलं तर नोकरी...”

“तुम्हारी बहन मर रही थी,” डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले.

ह्या विषावर उतारा आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांनी वडिलांना मोकळेपणानं सांगितलं. तो क्षार बंद केला आणि शिरेतून सलाइन, म्हणजे साध्या मिठाचं पाणी, दिलं. सूज वाढेल, पण आधी हे, असं म्हणाले. सूज वाढलीच. पण हळूहळू डोळ्यांपुढे एक माणूस एकच दिसायला लागलं, जीभ सुटली. वैनी खाटेखाली जमिनीवर झोपायची. दादा दुसऱ्याच दिवशी हैदराबादला गेला होता.

घरी आल्यावर वडील म्हणाले, “घरातली गोष्ट घरातच राहू दे. कॉलरा झाला होता म्हणायचं.” दादाची नोकरी, घराची अब्रू. मी तोंड मिटलं. पण गावात कुजबुज आधीच पोचली होती: नणंदेला भावजयीनं काहीतरी घातलं. श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला बाया आल्या, आणि वैनीनं दिलेलं दूध एकीनंही ओठाला लावलं नाही. वैनी तबक घेऊन तशीच उभी.

मी उठले. भिंतीला धरून चालत गेले, तिच्या हातचा पेला घेतला, सगळा प्याले. आणि सांगितलं. कुणी आणलं, कुणी लपवलं, कुणी बाटली पुढे केली. भावाचं नाव घेऊन सांगितलं. ओसरीवर वडील ऐकत होते. ते त्यानंतर माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

बाया गेल्यावर वैनी म्हणाली, “वन्सं, कशाला बोललात? म्हायेर तुटंल तुमचं.”

“तुमी हायत की,” मी म्हणाले.

अळणी खाऊन खाऊन, पुष्कळ महिन्यांनी, माझी सूज उतरली. दादानं पुढे एकदा सांगितलं, “मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं.” ते खरं असेल. मीठ आणलं त्याचा राग मी केव्हाच सोडला. माझं बोलणं त्यानं ओळखलं आणि बदलून सांगितलं, ते मात्र माझ्याच्यानं सोडवलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी सांगते. डॉक्टरांना न विचारता कुणाही शहाण्याची पूड खाऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि आजारी माणसाची जीभ जड झाली की त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी बोलतं. ते कुणी बोलायचं, हे बोलता येतंय तोवरच ठरवून ठेवा.

माझी आणखी दोन बाळंतपणं झाली, एकदा पोटाचं ऑपरेशन झालं. दर वेळी दवाखान्यात माझ्या उशाशी वैनी होती. दादा बाहेर बाकावर बसायचा.